छोट्या विमानाचें यंत्र



विंझरहून एका गृहस्थांचें पत्र आलें आहे. नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. एका अंगास राजगड, पुढें तोरणा. पत्रलेखक नोकरीनिमित्त पुण्यास असतात. सुटीस गांवीं जाऊन त्यांनीं दोन वर्षांत 'एच. टी. 2' या विमानाची एकपंचमांश मापाची, बिनतारी नियंत्रणावर उडणारी प्रतिकृति बांधली आहे. सांगाडा झाला, पंख झाले, शेपटी झाली. राहिलें तें यंत्र. चिरंजीव म्हणतात, "बाबा, पन्नास सी. सी.चें घाला, म्हणजे चिंता नको." दुकानदाराचेंही मत तेंच. सौभाग्यवतींचें म्हणणें इतकेंच, कीं शेजारच्या वावरांत माणसें कामास असतात, त्यांचा विचार अगोदर करा. तिघांपैकीं कोणाचें ऐकावें, असा प्रश्न आहे.

प्रतिकृतीसाठीं निवडलेलें विमान मात्र फार चांगलें आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. गॉटिंगेन येथें प्रांटल यांच्या हाताखालीं त्यांनीं वायुगतिशास्त्राचें अध्ययन केलें आणि पुढें बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्यें वैमानिकांच्या शिक्षणासाठीं हें विमान आंखलें. ऑगस्ट 1951 मध्यें तें प्रथम उडालें, तें 'जिप्सी मेजर' यंत्रावर. दुसऱ्या नमुन्यास, 1952 सालीं, 155 अश्वशक्तीचें 'सिरस मेजर' बसविलें आणि तेंच पुढें कायम झालें. म्हणजे खऱ्या विमानाचें यंत्रही एकदां बदललें होतें. पत्रलेखकांनीं दोन महिने घोळ घातला, तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां थोडा हिशेब करूं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 10.72 मीटर, पांचानें भागल्यास 2.14 मीटर, म्हणजे सुमारें सात फूट. वजन मात्र पांचानें भागून चालत नाहीं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, म्हणून वजनास सव्वाशेनें भागावें लागतें. 1,016 किलोंचे आठ किलो होतात. वेग पांचाच्या वर्गमूळानें उतरतो. ताशीं 209 किलोमीटरच्या जागीं सुमारें 93. आणि वजन व वेग या दोहोंचा मेळ घातला, म्हणजे 155 अश्वशक्तीच्या जागीं उरते अवघी अर्ध्याहून किंचित् अधिक अश्वशक्ति!

एवढ्यावर विमान उडेल काय? गणितानें उडेल, विंझरच्या खाचरांवरून उडविण्याचें धाडस मी करणार नाहीं. लहान पंख आणि लहान प्रॉपेलर मोठ्यांच्या मानानें हवेंतून कमी काम काढून घेतात. भाताच्या कापणीनंतर मिळणारी मोकळी जमीन आंखूड, खडबडीत आणि बांधांनीं चिरलेली. हवाही पातळ, समुद्रसपाटीपासून सहासातशें मीटरांवर यंत्राची शक्ति शेंकडा सहासात तरी घटते, उन्हाळ्यांत अधिकच. आणि मुख्य गोष्ट ही, कीं विमान लहान झालें म्हणून वारा लहान होत नाहीं. तोरणा-राजगडाच्या सोंडांवरून उतरणारा झोत खऱ्या विमानास जेवढा, तेवढाच या आठ किलोंच्या पाखरासही लागतो. म्हणून जाणते लोक अशा विमानास किलोमागें सुमारें दोनशें वॅट शक्ति ठेवतात. आपल्या विमानास ती दोन अश्वशक्तींहून थोडी अधिक होते. हिशेबाच्या जवळजवळ चौपट. एवढी राखीव शक्ति पुरे.

तर मग पन्नास सी. सी. कां नको? त्याचें वजन दीड किलोच्या आसपास. त्याचा हादरा सोसावयास नाकाडाची भिंत जाड करावी लागेल, भिंत जाड केली कीं पुढचा भाग आणखी जड, आणि विमान उतरतांना अधिक वेगानें उतरेल. शिवाय शिकाऊ वैमानिकांचें संथ, सभ्य विमान गांधीलमाशीसारखें भणभणत गेलें, तर दोन वर्षें खपून घाटग्यांच्या विमानाची प्रतिकृति केली कशासाठीं? चिरंजीवांस हें पटणार नाहीं. त्या वयांत मलाही पटलें नसतें.

माझी सूचना अशी, कीं आधीं प्रॉपेलर ठरवावा आणि मग तो फिरविणारें यंत्र शोधावें. लोक उलट करतात. यंत्राच्या पेटीवर जी अश्वशक्ति छापलेली असते, ती पुष्कळदां इतक्या फेऱ्यांना मोजलेली असते, कीं मोठ्या प्रॉपेलरसह तें यंत्र तितकें कधीं फिरणारच नाहीं. या विमानाच्या रुंद नाकापुढें सोळासतरा इंची प्रॉपेलर शोभतो आणि कामही चांगलें करतो. सोळा इंचांचा प्रॉपेलर मिनिटास 8,000 फेरे घेऊं लागला, म्हणजे त्याचें टोंक सेकंदास 170 मीटर वेगानें जातें, ध्वनीच्या सुमारें निम्म्या वेगानें. तोच 12,000 फेरे घेईल, तर वेग 255 मीटर, आणि गांवांतील म्हशी दावें तोडतील. कमी फेऱ्यांत जोर देण्याचें काम चार-ठोकी यंत्र उत्तम करतें. 1976 सालीं ओसाकाच्या ओ. एस. कंपनीनें असें लहान यंत्र बाजारांत आणलें, तेव्हांपासून प्रतिकृति बांधणाऱ्यांची तें आवडतें झालें आहे. त्याचा आवाजही जाडा, खऱ्या विमानाच्या जवळचा. वीस ते पंचवीस सी. सी.चें पेट्रोलवर चालणारें चार-ठोकी यंत्र घ्यावें, असें माझें मत आहे. मिथेनॉलचें इंधन पुण्याहून आणावें लागेल. पेट्रोल वाटेवरच्या पंपावर मिळतें.

'सिरस मेजर'चीं चारही नळकांडीं उलटीं, खालीं तोंड करून बसविलेलीं होतीं. आपलें एक नळकांडेंही तसेंच उलटें बसवावें. तें आवरणांत लपतें आणि मूळाशीं इमानही राहतें. मात्र उलट्या यंत्रांत तेल आणि इंधन डोक्यांत सांचतें. सुरू करण्यापूर्वीं प्रॉपेलर हातानें सावकाश फिरवून पाहावा. अडला तर जोर न करतां प्लग काढून इंधन गळूं द्यावें, नाहीं तर आंतला दांडा वांकेल. आवरणांतून गरम हवा बाहेर जाण्याची वाट आंत येण्याच्या वाटेच्या निदान दुप्पट ठेवावी. भर उन्हांत बंद पडणाऱ्या बऱ्याच यंत्रांचें दुखणें एवढेंच असतें.

विजेच्या मोटारीविषयीं आपण विचारलें नाहीं, तरी सांगतों. ती शांत, स्वच्छ, आणि हवेंत क्वचितच दगा देते. गृहिणींस पसंत पडेल ती तीच. परंतु दोन हजार वॅटांच्या बॅटऱ्या महाग, आणि रानांत त्या पुन्हां भरण्याची सोय करावी लागते. दिवसांत दोनच उड्डाणांवर समाधान असेल, तर तीच घ्यावी.

वावरांतल्या माणसांविषयीं सौभाग्यवतींचें म्हणणें मला सर्वांत मोलाचें वाटतें. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणें पंचवीस किलोंपर्यंतचें नमुन्याचें विमान डोळ्यांस दिसेल एवढ्याच अंतरांत उडवावयाचें असतें. त्या जागीं उड्डाणास मोकळीक आहे कीं नाहीं, तें सरकारी नकाशावर अगोदर पाहावें. माणसें काम करीत असतील त्या बाजूस वळण घेऊंच नये. यंत्र बंद पडल्यास नाक किंचित् खालीं ठेवून समोर दिसेल त्या मोकळ्या खाचरांत उतरावें. मागें वळून धांवपट्टी गांठण्याच्या मोहांत फार विमानें मोडलीं आहेत. नवें यंत्र प्रथम बांकावर बांधून, हातपुस्तिकेंत सांगितलेलें इंधन जाळून, सरावूं द्यावें. उड्डाणाच्या दिवशीं टांकी निम्मी झाल्यावर विमान घट्ट धरून, नाक आकाशाकडे करून, यंत्र अर्धा मिनिट पूर्ण जोरांत चालवावें. आवाज चढून मग बसूं लागला, तर इंधनाची सुई थोडी उघडून पुन्हां पाहावें. तरीही बसला, तर त्या दिवशीं विमान घरीं न्यावें.