एक श्रद्धा, दोन बोली
(सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळाव्यांत एका दांपत्यानें केलेलें भाषण)



आम्हां उभयतांपैकीं एक वसईचा व दुसरी गोव्यांतील साष्टीची. दोघेंही जन्मतः कॅथॉलिक. म्हणून आमच्या विवाहाच्या वेळीं पुष्कळ लोक म्हणाले कीं, धर्म एकच आहे, मग अडचण ती कसली? हें बोलणें प्रेमाचें होतें, परंतु पुरतें खरें नव्हतें.

विवाहापूर्वीं गोव्यांत रोस, म्हणजे नारळाच्या दुधाचें स्नान. मुंबई-वसईकडील जुन्या घराण्यांत उंबराचें पाणी. नाताळांत तिकडे दोदोल, इकडे फुगे. अशा गोष्टींचा निकाल सोपा. दोन्ही करावें आणि दोन्ही खावें. (खाण्याच्या बाबतींत आमच्यांत कधींही मतभेद झाला नाहीं!)

खरा प्रश्न प्रार्थनेचा. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेपूर्वीं मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे, व ती दोघांसही सारखीच परकी असे. घरची जपमाळ मात्र तेव्हांही ज्याच्या त्याच्या बोलींतच चाले. आमच्यांतील एकीनें लहानपणीं 'तेर्स' कोंकणींत पाठ केलेला, तिचें प्रार्थनेचें पुस्तक रोमी अक्षरांत. सासरीं सर्व मराठी. कित्येक महिने ती नुसते ओठ हलवीत बसे. 'आपली श्रद्धा एकच' हे शब्द त्या दिवसांत तिला सांत्वनाचे न वाटतां हुकुमाचे वाटत.

अशा वेळीं सुनांस रूथची कथा ऐकविण्याची चाल आहे. मवाब देशची ती विधवा सासूचा देव व सासूचे लोक आपले मानून बेथलेहेमास आली, हें खरें. परंतु तें तिनें आपण होऊन केलें; नामीनें तर तिला माहेरीं परत जाण्यास वारंवार सांगितलें होतें. कथेचा हा भाग सासवांस कोणी ऐकवीत नाहीं. उलट, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज असूनही साष्टींत राहून लोकांची भाषा शिकले, आणि त्यांचें मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें रोमी लिपींत छापलें गेलें. आलेल्यानें शिकावें, हें त्यावरूनही निघतें, असें कोणी म्हणेल. परंतु विवाहांत आलेला कोण व असलेला कोण? हा संस्कार वधूवर स्वतःच एकमेकांस देतात, धर्मगुरु ख्रिस्तसभेच्या वतीनें साक्षी असतात, अशी आपली शिकवण आहे. तेव्हां देणारीं दोघेंही.

आमच्या घरीं तोड काढली ती सासूबाईंनीं. मरियेच्या प्रार्थनेचे दोन भाग. एकानें आरंभ करावयाचा, इतरांनीं उत्तर द्यावयाचें. त्या म्हणाल्या, "पोरी, तूं तुझ्या बोलींत सुरू कर, आम्ही आमच्या बोलींत पुरें करूं." शेजाऱ्यांस हंसूं आलें. अद्यापही येतें. ज्या तरुणांचे विवाह ठरले आहेत त्यांनीं पत्रिका छापण्यापूर्वींच हा विषय दोन्ही घरच्या वडिलांसमक्ष काढावा, अशी आमची विनंती आहे; हुंड्यापेक्षां व मानपानापेक्षां तो महत्त्वाचा आहे.

कांहीं वर्षांनीं साष्टीहून वडील निवर्तल्याची बातमी आली. त्या रात्रीं जपमाळ हातीं घेऊनही आरंभ करणारीच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हां लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन सासूबाईंनीं कोंकणींत आरंभ केला. उच्चार बरेच चुकत होते. त्यांनीं पांचही दशकें तशींच म्हटलीं, आणि सुनेनें उत्तर मराठींत दिलें.