वाड्याचे लाकूड देवळाला लागले
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



सभामंडपाचे सागवान आमच्या पडक्या वाड्याचे. आम्ही भावांनी होकार दिला व मोकळे झालो. पण सुताराने विचारले, "आक्कांना विचारलंत का?" वारसाची प्रकरणे रोज माझ्या टेबलावरून जातात, १९५६ च्या कायद्याने मुलगीही वडिलांची वारस, हे मी घरीच विसरलो! दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने आक्काचे गाव गाठले. ती थोडी रागावली. मग म्हणाली, "न्या. पाळण्याची कडी असलेली तुळई मात्र सरपणात घालू नका."

उतरवताना घाई केली नाही. आधी माळवदाची पांढरी माती काढली. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच मातीखाली माणसे गेली. मग फळ्या, तुळया, शेवटी खांब, प्रत्येकावर गेरूने आकडा. तुळयांची भिंतीत पुरलेली टोके वाळवीने पोकळ झाली होती, ती वीत-वीत कापावी लागली. मंडप अरुंद झाला म्हणून काहीजण नाराज आहेत, त्याचे कारण हे.

आक्काची तुळई गाभाऱ्यासमोर घेतली आहे. घंटा त्याच कडीला आहे. मुलांचा हात पोचत नाही. साखळी वाढवून घेऊ.