राखेखालचा निखारा
(ज्ञातिसंमेलनातील व्याख्यान)



संमेलनाच्या मंगल प्रसंगी क्षयरोगाचे नाव घ्यावे, हे काहींस रुचणार नाही. परंतु ज्या रोगाचे नाव उच्चारण्यास आपण भितो, तोच घरात निर्धास्त राहतो. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. आणि आमचे सांगणे रुग्णाविषयी नसून त्याच्या पंक्तीस जेवणाऱ्या धडधाकट माणसांविषयी आहे.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली जगापुढे मांडला. पुढे पाचच वर्षांनी डॉ. आनंदीबाई जोशी याच रोगाने पुण्यास निवर्तल्या. त्या काळी यावर औषध नव्हते. आज आहे, आणि रोग होण्यापूर्वी घेण्याचेही आहे.

जंतू श्वासावाटे शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. बहुधा शरीर त्यास वेढून ठेवते. राखेखाली निखारा असावा, तशी ही स्थिती. खोकला नाही, ताप नाही, दुसऱ्यास बाधाही होत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील शंभरांत सुमारे एकतीस जणांस असा संसर्ग आढळला. अशा शंभरांतील पाच ते दहा जणांस पुढे केव्हातरी रोग होतो, आणि त्यातही पहिली दोन वर्षे अधिक धोक्याची. लहान मुले, मधुमेही, एच. आय. व्ही. बाधित आणि अर्धपोटी माणसे यांच्यावर तर राख पातळच असते.

हा निखारा ओळखावा कसा? हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन टोचून ४८ ते ७२ तासांनी उठलेल्या गाठीचे माप घेतात. बी. सी. जी. लशीमुळे ही परीक्षा कधी फसते. नवी सी-टीबी परीक्षा व इग्रा ही रक्ततपासणी तशा फसत नाहीत. मात्र कोणतीही परीक्षा जंतू शिरल्याचेच सांगते. निखारा की ज्वाला, हे सांगत नाही. यास्तव खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम यांची चौकशी आणि छातीचे क्ष-किरण छायाचित्र आधी हवे. जागृत रोगावर हे अपुरे औषध दिल्यास जंतू औषधास दाद देईनासा होतो.

२०२१ पासून शासकीय धोरणाने फुप्फुसाच्या क्षयरुग्णाच्या घरातील सर्व वयांच्या माणसांस हा प्रतिबंधक उपचार खुला केला. पाच वर्षांखालील बालकांस, रोग नसल्याची खात्री झाल्यावर, सुप्त संसर्गाच्या परीक्षेवाचूनही तो देतात. आयसोनियाझिड सहा महिने रोज, किंवा त्यासह रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. रिसोड, मालेगाव, मानोरा या बाजूंनी सोयाबीनची सुगी आटोपताच कामासाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी याचा विचार करावा. आठवडी बाजाराचा दिवस हाच गोळीचा दिवस ठरविला, तर विसर पडणार नाही. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या, तर गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांस दाखवावे. मद्य तर वर्ज्यच. रुग्णाचा जंतू नेहमीच्या औषधांस न जुमानणारा असेल, तर उपाय निराळा असतो. तो डॉक्टरांनीच ठरवावा.

आता मनातील गोष्ट बोलतो. मुलीचे लग्न मोडेल, या धाकाने घरातील क्षय लपविला जातो, आणि लपविल्यामुळे त्याच मुलीची तपासणी राहून जाते. रुग्णाचे ताट-वाटी निराळे करून काही साधत नाही. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगात घरी उपचार घेणारे आणि सॅनेटोरियममध्ये ठेवलेले रुग्ण यांच्या कुटुंबीयांत रोगाच्या प्रमाणाचा विशेष फरक आढळला नाही. धोका मुख्यतः निदानापूर्वीच्या सहवासाचा होता. म्हणून रुग्णास दूर लोटू नये. घरच्या सर्वांनी तपासून घ्यावे.

स्थळ पाहताना आपण गोत्र आणि शेतीवाडी विचारतो. ज्या घराने क्षयाचा उपचार पुरा केला, ते घर सावध आहे, असे मानण्याची रीत आपल्या ज्ञातीने पाडावी. वाशिमचे जिल्हा रुग्णालय किंवा आपले प्राथमिक आरोग्य केंद्र दूर नाही. लांब आहे तो संकोच. तो सोडावा, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.