‘अमक्याची आई’ झाल्यावर



मराठी मुलखात स्त्रीचे नाव दोनदा पुसले जाते. पहिल्यांदा लग्नात, जेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते. दुसऱ्यांदा पहिल्या बाळंतपणानंतर, आणि हे पुसणे इतके गोड असते की ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात काय किंवा बारामतीच्या पेठेत काय, दहा वर्षे शेजारी राहणारी बाई ‘अमक्याची आई’ म्हणूनच ठाऊक असते. तिचे स्वतःचे नाव शेजारणीला रेशनकार्ड पाहिल्यावर कळते.

जुन्या रूढींना या अवस्थांतराची काहीच जाण नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिले बाळंतपण माहेरी, शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती, या साऱ्यात बाईच्या शरीराला काही झाले आहे याची कबुली आहे. मनाबद्दल मात्र मौन आहे. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचे भविष्य लिहून जाते म्हणतात. आईच्या कपाळी काय लिहिले गेले, याची चौकशी कोणी करीत नाही. बाळ सुखरूप असताना ती रडू लागली तर दृष्ट लागली म्हणतात, बाहेरचे झाले म्हणतात, नाहीतर नखरे म्हणून सोडून देतात.

डॅना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने 1973 साली आई होण्याच्या या स्थित्यंतराला स्वतंत्र शब्द योजला. मूल जन्मते त्याच वेळी एक नवी स्त्रीही घडू लागते, आणि ते घडणे एका दिवसात उरकत नाही, हे त्यामागचे सूत्र. कालपर्यंत जी शाळेत शिकवीत होती, शेतात पुरुषाच्या बरोबरीने पात धरीत होती, ती ‘मी आता कोण?’ असे स्वतःला विचारते. या प्रश्नात मुलावरील मायेची उणीव नसते. तो प्रश्न विचारण्याची लाज मात्र तिला वाटायला लावली जाते, कारण मातृत्वाची आरती ओवाळणाऱ्या समाजाला थकलेली आई बघवत नाही.

कार्यकर्त्याने आणखी एवढे जाणून असावे: पहिल्या काही दिवसांतले रडू बहुधा आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येत नसेल, जगण्यात रस उरला नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. अशा बाईला देवऋषीकडे नव्हे, डॉक्टरकडे न्यावे, आणि मरणाची भाषा निघाली तर त्याच दिवशी न्यावे.

पण हा प्रश्न केवळ मनाचा मानला तर समाजवाद्यांनी त्यात पडण्याचे कारण उरणार नाही. याच परिसरात दर हंगामाला बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. तिथे मजुराची मोजणी ‘कोयत्या’ने होते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे उठून कोपीत भाकरी थापते, ऊस साळते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, आणि मुकादमाच्या हिशेबात अर्धा कोयता ठरते. बाळ फडाच्या कडेला पाचटावर. कामावर न आल्यास खाड्याचा दंड. सव्वा महिना तर सोडाच, सव्वा आठवडाही तिच्या वाट्याला येणे कठीण. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांची संख्या इतकी वाढली की 2019 साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. बागायतदाराच्या सुनेला आईपण पुरते गिळून टाकते, आणि फडातल्या बाईला धड आई होऊच दिले जात नाही. मूल वाढवण्याच्या श्रमाची नोंद कोणत्याच वहीत नाही, म्हणून दोघींची ही गत आहे.

कायदे झाले नाहीत असे नाही. 1961 च्या कायद्याने प्रसूतीची पगारी रजा दिली. 2017 च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली. मुकादमामार्फत आलेल्या बाईचा मालक कोण, हेच जिथे ठरत नाही, तिथे ती रजा मागायची कोणाकडे? 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर ती सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमण्याची तरतूद होती. मुले सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, असे सरकारी कागदाने मान्य केले. यातले तत्त्व मोलाचे होते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. ठीकच झाले. मात्र बाळाच्या कागदावर आईचे नाव येणे आणि आईला तिच्या नावाने हाक येणे, यांत अंतर आहे.

शिबिरांत मृणाल गोरे यांचे उदाहरण हमखास दिले जाते. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या चळवळीत आल्या, 1958 साली पती गेले तेव्हा मुलगी लहान होती, आणि 1961 साली त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. 1972 नंतरच्या महागाईविरोधी मोर्चांत हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांनी आईपण टाकून दिले नव्हते. स्वयंपाकघरातली वस्तू हाती घेऊन ते चौकात आणले होते. हा वारसा अभिमानाचा आहे. परंतु एका मृणालताईंचे नाव घेऊन ज्या शेकडो कार्यकर्त्या पहिल्या मुलानंतर बैठकांना यायच्या थांबल्या, त्यांची गैरहजेरी झाकता येत नाही. रात्री नऊची बैठक कोणाच्या सोयीची असते? बैठकीत तान्हे रडले की माना कोणाकडे वळतात? आणि पुरुष कार्यकर्ता ‘घरची अडचण आहे’ म्हणून कधी बैठक चुकवतो का? चुकवीत नसेल, तर ती अडचण कोणीतरी निस्तरीत असते, आणि तिचे नाव हजेरीपटावर नसते.

तेव्हा शाखांनी बैठका दिवसा घ्याव्यात. मुले सांभाळण्याची पाळी लावावी आणि तीत पुरुषांची नावे आधी घालावीत. हंगामात फडावरच्या बाळंतिणींची माहिती घेऊन त्यांना आरोग्य केंद्रापर्यंत न्यावे, खाड्याचा दंड माफ होण्यासाठी मुकादमाशी आणि कारखान्याशी बोलावे. सभासदांच्या वहीत ‘सौ.’ लिहून पुढे नवऱ्याचे नाव लिहिण्याची सवय जिथे असेल, तिथे येत्या नोंदणीला त्या बाईलाच विचारावे, तिचे नाव काय लिहायचे ते.