सेवा, चाकरी आणि आपली मुले



तीस वर्षांपूर्वी नवी दिल्ली स्थानकावर उतरून आम्ही पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलो, ते प्रथम तारऑफिस शोधीत. ‘सुखरूप पोचलो’ ही तार घरी धाडल्यावरच पहिला चहा घेतला. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. निरोप धाडण्याची गरज मात्र उरलीच. ती भागविणारे हात तेवढे बदलले. आजचा आपला विषय याहून निराळा नाही.

सेवाक्षेत्राचे ढोबळ मानाने तीन गट पडतात. व्यापार, हॉटेले व वाहतूक हा पहिला. बँका, विमा व संगणकसेवा हा दुसरा. शासन, शिक्षण व आरोग्य हा तिसरा. स्थानकासमोरच्या गल्ल्यांतील हॉटेले पहिल्या गटातली. आपल्या नूतन मराठी विद्यालयातील शिक्षक आणि आमच्यासारखे सरकारी चाकर तिसऱ्यातले. तरुणांची ओढ दुसऱ्याकडे.

देशाच्या उत्पन्नात सेवांचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. परंतु काम करणाऱ्या दर १०० जणांपैकी सुमारे ३० जणच त्यांत सामावले आहेत. शेतीवर अजूनही ४५ च्या आसपास आहेत. म्हणजे सेवांनी संपत्ती वाढविली, त्या मानाने रोजगार वाढविला नाही. जो वाढला, त्याचेही रूप पालटले. फोनवरून काम मिळविणारे, घरोघर सामान पोचविणारे असे सुमारे ७७ लाख लोक २०२०-२१ मध्ये होते; २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील, असा नीती आयोगाचा २०२२ मधील अंदाज आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने त्यांना केंद्रीय कायद्यात प्रथमच स्थान दिले. केंद्र सरकारच्या नोकरीतही, सैन्यदले वगळता, १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे नाही.

आमचा मुलगा करारावर काम करतो. लग्नाच्या बैठकीत ‘नोकरी पक्की आहे ना?’ असा प्रश्न आला, तेव्हा आम्ही मान खाली घातली. त्याने घातली नाही. चूक आमची होती, हे घरी परतताना उमगले.

म्हणून मंडळास एक विनंती. नोकरी पक्की की कच्ची, हे आपण तरुणांस विचारू नये. विमा उतरविला का, म्हातारपणाची तरतूद केली का, हे अवश्य विचारावे, आणि त्याची माहिती देणारा एक वर्ग येथे दरमहा भरवावा. पन्नास वर्षांपूर्वी नवागतास खोली शोधून देणाऱ्या मंडळास हे अवघड नाही.