पहिले साठ दिवस : विद्यापीठाच्या शहरात विद्यार्थी-निवासाचे नियोजन

(संस्थेच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुणे शहरातील विद्यार्थी-निवासाच्या नियोजनावर मी बोलावे, असे कार्यकारिणीने सुचविले. माझी सारी नोकरी नगररचनेच्या कामात गेली, म्हणून हा मान मला मिळाला असावा. संस्थेकडे इमारत निधी जमला आहे. खाली लग्नकार्यासाठी सभागृह आणि वर विद्यार्थ्यांसाठी खोल्या, असा विचार चालू आहे. त्याविषयी माझे मत स्पष्टपणे मांडावे, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

सुरुवात स्वतःपासून करतो. १९७४ साली मी शिक्षणासाठी पुण्यात आलो. एका वाड्यावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. घरमालकीणबाईंनी आस्थेने चौकशी केली, पाणी दिले, गाव विचारले, मग आडनाव विचारले. "अहो, सकाळीच एकांना दिली हो!" असे त्या म्हणाल्या. पाटी पुढे पंधरा दिवस तशीच होती. एका मित्राने मला आपल्या वसतिगृहातील खोलीत चोरून ठेवून घेतले. अशा मुलाला तिथे 'पॅरासाईट' म्हणत. रात्री रेक्टर फेरीला आले की मी गच्चीवर जात असे. दोन महिन्यांनी माझे नाव यादीत लागले, पण तोवर पहिली चाचणी होऊन गेली होती आणि गणितात मी मागे पडलो तो वर्षभर मागेच राहिलो.

हे दुःख माझ्या एकट्याचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे ते एका पारशी निवासात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राकडे सोय झाली नाही, ख्रिस्ती मित्राकडेही झाली नाही. मुंबईची गाडी मिळेपर्यंत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला. विद्या होती, पद होते, पण रात्री अंग टाकायला जागा नव्हती.

जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थ्याची सोय होत नव्हती असे नाही. सात घरी वार लावून जेवावे, माधुकरी मागावी आणि कोणाच्या तरी ओसरीवर अभ्यास करावा, ही रीत होती. त्यातून अनेक मोठी माणसे घडली. पण ती ओसरी जातीच्या आतली होती. बाहेरच्यांसाठी वसतिगृह हाच एक मार्ग होता. म्हणूनच राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली सुरू झाले. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि तिने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह उघडले. सभेच्या पहिल्या कामांपैकी हे एक होते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आता आजची स्थिती पाहू. विद्यापीठाची, महाविद्यालयांची आणि समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत, पण येणाऱ्या मुलांच्या मानाने ती अपुरी आहेत. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. पुण्यासारख्या शहरासाठी तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांतले भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० रुपये होते. दहा महिन्यांचे वर्ष धरले तर राहण्यासाठी महिन्याला दोन हजार झाले. योजना चांगलीच आहे. परंतु अर्ज, छाननी, मंजुरी या वाटेने पैसा खात्यात येतो आणि घरमालक अनामत मागतो ती पहिल्या दिवशी. पेठांमधून 'कॉट बेसिस'वर जागा मिळते, पण 'व्हेज की नॉनव्हेज?' या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे पुष्कळदा आडनावाचाच प्रश्न दडलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की विद्यार्थ्याला सर्वांत कठीण असतात ते पहिले साठ दिवस. प्रवेश झालेला असतो, वर्ग सुरू झालेले असतात, पण वसतिगृहाची यादी लागलेली नसते. याच काळात मुलगा गावी परत जातो आणि मुलीला तर घरचेच परत बोलावतात. शासनाइतक्या खाटा आपली छोटी संस्था कधीच उभ्या करू शकणार नाही. पण हे साठ दिवस आपण सांभाळू शकतो.

त्यासाठी नियोजन कसे करावे? चाळीस खाटांचे वसतिगृह धरू. तीस खाटा वर्षभरासाठी द्याव्यात आणि दहा खाटा 'वाटेवरच्या' विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात. एक विद्यार्थी सरासरी वीस दिवस राहिला, तर साठ दिवसांत एका खाटेवर तिघांची आणि दहा खाटांवर तिसांची सोय होईल. म्हणजे सुरुवातीच्या काळात चाळीस खाटांवर साठ विद्यार्थी सांभाळले जातील. नंतर याच दहा खाटा परीक्षेला किंवा मुलाखतीला गावाहून येणाऱ्यांच्या उपयोगी पडतील.

जागा विद्यापीठाकडे थेट बस जाते अशा रस्त्यालगत असावी. स्वस्त म्हणून शहराबाहेर घेतली, तर वाचलेले पैसे मुलांच्या बसभाड्यात आणि त्यांचा वेळ प्रवासात जाईल. मुलींसाठी स्वतंत्र मजला, स्वतंत्र जिना आणि उजेडाचा रस्ता हवा. अन्यथा मुलींचे पालक तयार होणार नाहीत आणि ते योग्यच आहे. पाण्याचा हिशेब आधी करावा. शहरात माणशी रोजचे १३५ लिटर धरतात, म्हणजे चाळीस जणांना ५,४०० लिटर लागतील. पाणी एक दिवस आले नाही तरी भागावे, म्हणून टाकी याच्या दुप्पट असावी. अभ्यासिका खोल्यांपासून वेगळी असावी, म्हणजे एकाच्या दिव्याने दुसऱ्याची झोप मोडणार नाही.

आणि आता सभागृहाविषयी. सभागृहाच्या भाड्यातून वसतिगृहाचा खर्च निघेल, असे काही ज्येष्ठ सभासद म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वसतिगृह बांधण्यापेक्षा चालविणे कठीण, हे मलाही ठाऊक आहे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत लग्नसराई असते आणि परीक्षाही असतात. खाली बँड वाजत असताना वर मुलगा काय वाचणार? त्याऐवजी 'एक कुटुंब, एक खाट' अशी योजना करावी. एका कुटुंबाने एका खाटेचा वर्षाचा खर्च उचलावा. आधी तीन वर्षे भाड्याच्या घरात वसतिगृह चालवून पाहावे. चालविण्याचा अनुभव आला, की मग बांधकामाला हात घालावा.

बंधुभगिनींनो, विहार या शब्दाचा अर्थच मुळी निवास असा आहे. भाजे, कार्ले, जुन्नर येथील लेणी पाहा. लहान लहान खोल्या आहेत, कित्येकींत दगडात कोरलेला ओटा म्हणजेच खाट आहे आणि बाहेर पाण्याची पोढी आहे. ती लेणी एकट्या राजांच्या दानातून झालेली नाहीत. व्यापारी, कारागीर आणि सामान्य स्त्री-पुरुष यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दान दिले आणि त्यांची नावे तिथल्या भिंतींवर आजही वाचता येतात. पावसाळ्यात भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, लोकांनी त्यांची सोय करावी, हा वर्षावासाचा नियम. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि त्याच सुमारास आपली मुले हातात पत्र्याची पेटी घेऊन या शहरात उतरतात. हा योग आपण ओळखावा.

येत्या आषाढाच्या आत निदान दहा खाटांची सोय व्हावी, अशी माझी सभेला विनंती आहे. त्यांतल्या एका खाटेचा वर्षाचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. दारावर येणाऱ्या मुलाला आपण गाव विचारू, विषय विचारू, जेवलास का ते विचारू, पण आडनाव मात्र विचारायचे नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!