मेड्युसाची नजर, फायलीतलं पत्र



आजचा विषय एक जुना इंग्रजी चित्रपट आहे : 'द मेड्युसा टच', साल १९७८. अभिजात चित्रपटांच्या याद्यांत तो सहसा नसतो. ज्यांनी तो तरुणपणी पाहिला, त्यांना बहुधा त्यातलं एकच दृश्य आठवतं. एक माणूस खिडकीशी उभा राहून आकाशातल्या विमानाकडे टक लावून बघतो आणि ते प्रचंड विमान लंडनमधल्या एका उंच इमारतीवर जाऊन आदळतं. माणसाला अशी अतींद्रिय शक्ती असते का, हा वाद आज मी घालणार नाही. ती आहे असं आपण इतक्या चटकन का मानतो आणि मानल्यामुळे कोणाची सोय होते, एवढंच मला या चित्रपटाच्या निमित्तानं तपासायचं आहे.

आधी कथा. जॉन मॉर्लार नावाचा कादंबरीकार आपल्या फ्लॅटमध्ये डोकं फुटलेल्या अवस्थेत सापडतो. पोलीस त्याला मेला असं समजतात, आणि तो श्वास घेतो. रुग्णालयात त्याचं शरीर निकामी पडून आहे, पण मेंदूच्या लहरी दाखवणारी रेघ काही थांबत नाही. तपास ब्रुनेल या फ्रेंच इन्स्पेक्टरकडे येतो. पोलीस खात्यांच्या अदलाबदलीत तो लंडनला आलेला आहे. पीटर व्हॅन ग्रीनवे यांच्या १९७३च्या मूळ कादंबरीत हा इन्स्पेक्टर इंग्रज आहे, त्याचं नाव चेरी. चित्रपट ब्रिटन आणि फ्रान्स यांची संयुक्त निर्मिती असल्यामुळे लिनो व्हेंतुरा हा तिकडचा मोठा नट घेतला गेला. बदल व्यवहारापोटी झाला, पण कथेला तो मानवला. परक्या माणसाला तिथल्या बड्या लोकांची भीड नसते; इंग्रज अधिकारी जे प्रश्न गिळून टाकेल, ते तो सरळ विचारतो.

मॉर्लार झाला आहे रिचर्ड बर्टन. दिग्दर्शक जॅक गोल्ड. पटकथा जॉन ब्रायली यांची. हे नाव आपल्याला अनोळखी नसावं, कारण पुढे ॲटनबरोंच्या १९८२च्या 'गांधी'ची पटकथा त्यांनीच लिहिली आणि तिला ऑस्कर मिळालं. केवळ डोळ्यांनी संहार करणारा माणूस आणि अहिंसेच्या बळावर साम्राज्याला हलवणारा माणूस, दोघंही चार वर्षांच्या अंतरानं एकाच लेखकाच्या टेबलावरून उठले.

ब्रुनेल मॉर्लारच्या वह्या वाचतो, त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर झोनफेल्डला भेटतो आणि एकेक मृत्यू पुढे येत जातो. लहानपणी छळणारी दाई आजारात जाते. समुद्रकिनारी सहलीला गेलेले आईवडील गाडीसकट कड्यावरून खाली कोसळतात. छळवादी मास्तर शाळेच्या आगीत सापडतो. कडाकडा भांडणारी शेजारीण खिडकीतून उडी टाकते. घर सोडून निघालेली बायको आणि तिचा प्रियकर मोटार अपघातात मरतात. मॉर्लारच्या मनात ज्याच्याविषयी द्वेष पेटला, तो संपला. आपल्याकडे एखाद्याची जीभ काळी आहे म्हणतात, कोणाचा तळतळाट लागला म्हणतात. तेव्हा ही कल्पना मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही.

आता एक गोष्ट नीट बघा. मॉर्लार काय करतो? काहीच नाही. तो फक्त बघतो. त्याच काळातल्या ब्रायन डी पामाच्या 'कॅरी'मध्ये (१९७६) दारं आपोआप बंद होतात, सुऱ्या हवेतून उडतात. त्याच्याच 'द फ्यूरी'मध्ये (१९७८) शेवटी माणसाचं शरीर फुटतं. 'मेड्युसा'मध्ये मॉर्लारच्या डोळ्यांतून ना प्रकाश निघतो, ना किरण. आधी पडद्यावर बर्टनचे डोळे येतात. मग विमान. पुन्हा डोळे. मग स्फोट. डोळ्यांनी विमान पाडलं असं या तुकड्यांत कुठेही दाखवलेलं नाही. ते आपण ठरवतो.

चित्रपटाचं संकलन ॲन कोट्स यांचं आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'साठी ऑस्कर मिळालेल्या याच त्या. फुंकर मारून विझवलेल्या काडीवरून थेट वाळवंटातल्या सूर्योदयावर जाणारा तो प्रसिद्ध कट त्यांच्याच हातचा. दोन तुकडे शेजारी ठेवले की प्रेक्षक त्यांच्यात नातं जोडतो, हे रशियात लेव्ह कुलेशोव्हनं शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं. त्यानं एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवला. लोकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक. चेहरा तोच होता. भूक आणि शोक प्रेक्षकांनी घरून आणले होते. 'मेड्युसा टच'चं भय याच युक्तीवर उभं आहे. मॉर्लारची शक्ती संकलनाच्या टेबलावर तयार झाली, आणि ती चालते कारण आपलं मनही असंच संकलन करतं. शिव्याशाप आठवतात, नंतरचा मृत्यू आठवतो, दोन्ही शेजारी ठेवले जातात. ज्या शिव्यांनंतर कोणालाही काहीही झालं नाही, त्या कापून टाकल्या जातात.

हा चित्रपट त्याच दशकात का निघाला, हेही पाहायला हवं. अतींद्रिय शक्तींचा अभ्यास करणारी संस्था लंडनमध्ये १८८२ पासून होती. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाईन यांनी पाच चिन्हांच्या पंचवीस पत्त्यांवर टेलिपथीचे प्रयोग केले होते. पण सत्तरच्या दशकात हे सगळं घराघरांत शिरलं. १९७३ साली युरी गेलरनं बीबीसीवर चमचे वाकवले. १९७४ साली त्याच्यावरचा एक शोधनिबंध थेट 'नेचर'मध्ये छापून आला. त्यातल्या उणिवांची नोंद करणारं संपादकीयही सोबत होतं, पण लोकांनी निबंधाची बातमी ऐकली, संपादकीयाची ऐकली नाही. त्याच वेळी पडद्यावर जहाजं बुडत होती, टॉवर जळत होते. २७ मार्च १९७७ ला तेनेरीफच्या विमानतळावर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली. आपत्तींचे चित्रपट आणि मनःशक्तीचे चित्रपट या दोन लाटा 'मेड्युसा टच'मध्ये एकत्र आल्या. इथल्या प्रत्येक दुर्घटनेला चेहरा आहे, आणि तो बर्टनचा आहे.

इथे मला पडद्यावरून उतरून एका खऱ्या गावात जायचं आहे. बर्टन वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा. त्याच दक्षिण वेल्समध्ये ॲबरफॅन नावाचं खाणगाव आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, शाळा नुकतीच भरली असताना, डोंगरावर रचलेला खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढिगारा घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली. त्यांतली ११६ मुलं होती.

दुर्घटनेनंतर जॉन बार्कर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ तिथे गेले. एका मुलीनं आदल्या दिवशी आईला आपलं स्वप्न सांगितलं होतं, शाळेवर काहीतरी काळं येऊन पडल्याचं, अशी कहाणी त्यांच्या कानावर आली. त्यांनी एका वृत्तपत्राच्या विज्ञान प्रतिनिधीला हाताशी धरलं आणि लोकांना आवाहन केलं : अशी चाहूल कोणाला लागली होती का, ते कळवा. पत्रं आली. मग १९६७ च्या सुरुवातीला 'प्रीमॉनिशन्स ब्युरो', म्हणजे पूर्वसूचना नोंदवणारं कार्यालयच सुरू झालं. लोकांनी आपली भाकितं घटनेच्या आधी कळवायची आणि नंतर ती ताडून बघायची. शेकडो भाकितं आली, जुळली ती थोडीच. १९६८ साली बार्कर स्वतः मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. पद्धत म्हणून त्यांची कल्पना प्रामाणिक होती, हे मान्य करायला हवं. आधी लिहून ठेवा, मग ताडा. मनाच्या संकलकाच्या हातातली कात्री काढून घेण्याचा तो एक मार्ग आहे.

पण ॲबरफॅनचं एक भाकीत आधीच लिहून ठेवलेलं होतं. ते स्वप्नात पडलं नव्हतं, सरकारी कागदावर होतं. १९६३ सालीच स्थानिक नगर परिषदेच्या अभियंत्यानं शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या चिखलासारख्या कोळसा-कचऱ्याच्या धोक्याबद्दल पत्रव्यवहार केला होता. ढिगारा झऱ्यावर रचलेला होता, पाणी आतून मुरत होतं. चौकशी न्यायाधिकरणानं १९६७ च्या अहवालात दोष सरळ राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला. तरी कोणावर खटला झाला नाही, कोणाची नोकरी गेली नाही. उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चापोटी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं.

स्वप्नांची पत्रं मागवली जात असताना ते अभियंत्याचं पत्र फायलीतच होतं. स्वप्नाच्या गोष्टीत आपण गुंतलो, की फाईल उघडायला लावणारा प्रश्न मागे पडतो. मी मघाशी सोय म्हटलं ती ही. गूढ गोष्टीला जबाबदार अधिकारी नसतो.

पुन्हा चित्रपटाकडे येऊ. ज्यांना शेवट ऐकायचा नसेल, त्यांची क्षमा मागतो. मॉर्लारच्या डोक्यात घाव कोणी घातला? डॉक्टर झोनफेल्डनं. ली रेमिकनं ही भूमिका फार संयमानं केली आहे. जी बाई पूर्ण वेळ हे सगळं भ्रमाचं लक्षण आहे म्हणते, तिचाच अखेर विश्वास बसतो आणि ती ठार मारायला निघते. पुढे ब्रुनेलचाही विश्वास बसतो. लंडनमधल्या मोठ्या चर्चमध्ये बडे मान्यवर जमणार आहेत, मॉर्लारचा रोख तिकडे आहे, आणि समारंभ काही रद्द होत नाही. तेव्हा हा सभ्य पोलीस अधिकारी रुग्णालयात जाऊन बेशुद्ध रुग्णाच्या नळ्या उपसतो. एक डॉक्टर, एक पोलीस. दोघांनीही निःशस्त्र माणसावर हात टाकला, आणि काळोखात बसलेले आपण मनातून म्हणत होतो : लवकर कर.

चित्रपटाचं खरं भय मला इथे दिसतं. पडद्यावर मॉर्लार दोषी आहे, कारण पटकथाकारानं त्याला दोषी ठरवलंय. पडद्याबाहेर अशी पटकथा गाव लिहितं. आपल्याच राज्यात, सातपुड्याच्या पट्ट्यात, मूल दगावलं, गुरं मेली, की एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवल्याच्या घटना झाल्या आहेत. तिथेही संकलन तेच : तिनं बघितलं, मग मूल गेलं. मधला गढूळ पाण्याचा, उपचार न मिळाल्याचा तुकडा कापलेला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अमुक व्यक्ती करणी करते किंवा रोगराईला कारणीभूत आहे असं भासवून तिला त्रास देणं हा गुन्हा ठरला. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता, आणि त्यांच्या खुनानंतर तो अध्यादेशाच्या रूपानं आला. हा कायदा वाचून मग 'मेड्युसा टच' पाहा. ब्रुनेल नळ्या उपसतो ते दृश्य तुम्हाला वेगळं दिसेल.

चित्रपटात चर्च कोसळतं, मॉर्लार मात्र मरत नाही. त्याचा हात हलतो आणि कागदावर पुढचं लक्ष्य लिहितो : विंडस्केल. आज या नावानं कोणी दचकत नाही. १९७८ च्या इंग्रज प्रेक्षकाला ते ताजं होतं. वायव्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या या अणुकेंद्रात वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा नवा प्रकल्प व्हावा का, यावर १९७७ साली शंभर दिवस जाहीर चौकशी चालली होती. आणि त्यामागे १९५७ ची आठवण होती. त्या ऑक्टोबरात तिथल्या अणुभट्टीला आग लागली, किरणोत्सर्गी द्रव्य हवेत गेलं, सुमारे पाचशे चौरस किलोमीटर भागातलं दूध ओतून द्यावं लागलं. चौकशीचा मूळ अहवाल तीस वर्षं झाकून ठेवला गेला. तो खुला झाला १९८८ साली.

त्या आगीचा एक भाग चित्रपटात नाही. भट्टीची धुराडी बांधली जात असताना जॉन कॉक्रॉफ्ट या शास्त्रज्ञानं त्यांच्या टोकाला गाळण्या बसवायचा आग्रह धरला. उशिरा सुचलेलं, खर्चिक, अवघड काम. लोकांनी त्या गाळण्यांचं नाव 'कॉक्रॉफ्टचा मूर्खपणा' असं ठेवलं. आग लागली तेव्हा त्या गाळण्यांनी बरंचसं किरणोत्सर्गी द्रव्य अडवलं. त्या नसत्या, तर अनर्थ कितीतरी मोठा झाला असता.

पुढचं ओळखणारा माणूस म्हणजे असा. त्याला दृष्टान्त झाला नव्हता. काय बिघडू शकतं याचा त्यानं हिशेब केला आणि हसणाऱ्यांना न जुमानता काम करून घेतलं. अशा माणसावर थरारपट निघत नाही, कारण त्याच्या गोष्टीत जे घडायचं तेच टळतं. मॉर्लारला अनर्थ दिसतो आणि तो घडवतो. ॲबरफॅनच्या अभियंत्याला दिसला आणि त्यानं कळवला. कॉक्रॉफ्टला दिसला आणि त्याला तो कमी करता आला. दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या नशिबात जो फरक पडला, तो नजरेच्या ताकदीमुळे नाही. एकाचं ऐकलं गेलं, दुसऱ्याचं नाही.

चित्रपट जरूर पाहा. बर्टनचा आवाज, ब्रुनेलचा थकत जाणारा चेहरा आणि कोट्सबाईंची कात्री यांसाठी पाहा, पोटभर घाबरा. मात्र उद्या वर्तमानपत्रात पूल पडल्याची किंवा दरड गावावर आल्याची बातमी वाचाल, आणि शेजारी कोणी म्हणेल की अमक्याला आधीच चाहूल लागली होती, तेव्हा त्याला एवढंच विचारा : ती लेखी कळवली होती का, कोणत्या तारखेला, आणि कोणाच्या टेबलावर?